रेषा चमकते, पण आकडा का हलतो?

प्रश्न : राजारामपुरीत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. सीआरपी (शरीरात दाह किंवा संसर्ग झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) मोजायला फ्लुओरोसन्स रीडर, म्हणजे चाचणीच्या रेषेतून येणारा प्रकाश मोजणारं यंत्र, घेतला. उन्हाळाभर तक्रार नव्हती. पाऊस लागल्यापासून मात्र एकाच नमुन्यावर दोन कार्ट्रिज (चाचणीची पट्टी बसवलेल्या प्लास्टिकच्या डब्या) लावली, तर एकात २२ आणि दुसऱ्यात ३१ येतं. रीडर बिघडलाय का?
— एक लॅबचालक, कोल्हापूर

उत्तर : रीडर बिघडल्याची शक्यता सगळ्यात कमी, आणि ती लगेच तपासता येते. नुकतंच वापरलेलं एकच कार्ट्रिज ‘क्विक’ (न थांबता लगेच वाचणाऱ्या) मोडवर लागोपाठ तीनदा वाचून घ्या. आकडे जवळजवळ सारखे आले तर यंत्र ठीक आहे. गडबड कार्ट्रिज आत जाण्यापूर्वीच झाली आहे.

जुन्या लाल रेषेच्या पट्टीत साधारण ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण असतात. रेषा आहे की नाही एवढंच डोळ्यांनी बघायचं, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं. तुमच्या प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये बहुतेकदा युरोपियम (अतिनील प्रकाशात लाल चमकणारं मूलद्रव्य) भरलेले, सुमारे २०० नॅनोमीटरचे पॉलिस्टायरिनचे मणी असतात. रीडर रेषेतला प्रकाश मोजतो, त्यामुळे हाताळणीतली ढिलाई थेट आकड्यात उतरते.

पहिला संशय दमट हवेचा. हे मणी साखरेच्या द्रावणात मिसळून पॅडवर वाळवलेले असतात. नमुना पडला की साखर विरघळते, मणी सुटतात आणि नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवरून पुढे वाहतात. फ्रिजमधलं गार पाकीट जुलैच्या हवेत लगेच फोडलं तर आत दव धरतं, साखर आधीच ओलावते आणि मणी एकमेकांना चिकटतात. मग एका कार्ट्रिजमध्ये कमी सुटतात, दुसऱ्यात जास्त. म्हणून पाकीट न फोडता अर्धा तास बाहेर ठेवा आणि नमुना तयार झाल्यावरच फोडा. सकाळीच पाकिटं फोडून टेबलावर मांडून ठेवायची पद्धत असेल, तर ती आजच बंद करा.

दुसरा संशय पिपेटवर. १० मायक्रोलिटर रक्त घ्यायचं तिथे १ मायक्रोलिटर कमी म्हणजे थेट १० टक्के फरक. कॅलिब्रेशनचा माणूस येईपर्यंत एक तपासणी करता येते. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असेल, तर छोटी बाटली झाकणासकट ठेवून शून्य करा, १० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडा, झाकण लावून वजन बघा. १०० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं. ८८-९० आलं तर पिपेट गळतंय किंवा टिप नीट बसत नाही. पाण्याला बरोबर असूनही रक्ताला चुकत असेल तर हाताची गती बघा : रक्त दाट असतं, हळू ओढा, टिपेला बाहेरून लागलेलं पुसून मगच सोडा.

वेळही पाळा. लवकर वाचलं तर रेषा अजून भरत असते. उशीर झाला तर पट्टी सुकते आणि शोषक पॅडमधलं द्रव उलटं फिरतं. दोन कार्ट्रिजना दोन टायमर. ती दोन वेगळ्या लॉटची असतील, तर प्रत्येक खोक्यातली चिप (त्या लॉटचं कॅलिब्रेशन रीडरला सांगणारी) वेगळी, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट, आणि ही पेशंटच्या जिवाशी निगडित आहे. पेशंट तापाने फणफणलेला, पण सीआरपी कमी दिसतंय असं झालं तर लगेच रिपोर्ट देऊ नका. सीआरपी फारच जास्त असेल तर ते मण्यांवरच्या आणि रेषेवरच्या अँटिबॉडी (त्याला पकडणारी प्रथिनं) वेगवेगळ्या अडवून बसतं. दोन्हींना जोडणारा पूल बनत नाही आणि रेषा उलट फिकी पडते. माहितीपत्रकात सांगितलेल्या बफरमध्ये नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावा. दहाने गुणून आकडा आधीपेक्षा बराच वर गेला, तर पहिला आकडा खोटा होता.

प्रश्न : प्रकल्पासाठी युरोपियमच्या मण्यांवर अँटिबॉडी बसवते आहे. ईडीसी (मणी आणि अँटिबॉडी जोडायला वापरायचं रसायन) घातल्यावर मण्यांच्या गुठळ्या होतात. का?
— नॅनोसायन्सची विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ

उत्तर : मण्यांवरच्या कार्बॉक्सिल गटांचा ऋण भार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. ईडीसीने तो भार झाकला जातो, म्हणून या टप्प्यावर थोडं चिकटणं होतंच. ईडीसीचं प्रमाण निम्मं करून बघा, एमईएस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ५० मिलिमोलर आणि पीएच ६ च्या आसपास ठेवा, मीठ घालू नका, प्रत्येक धुण्यानंतर थोडा वेळ सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडा). सेंट्रिफ्यूज गरजेपेक्षा जोरात फिरवलं तर गोळा पुन्हा सुटत नाही. अँटिबॉडीच्या बाटलीत ट्रिस, ग्लायसिन किंवा बीएसए असेल तर आधी डायलिसिस करा (पातळ पडद्यातून लहान रेणू काढून टाका; बीएसए मोठं असल्याने त्यासाठी अँटिबॉडी वेगळी शुद्ध करावी लागते), नाहीतर मण्यांवरच्या जागा तेच पटकावतात. ईडीसी ओलावा ओढून निकामी होतं. फ्रीझरमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा आणि द्रावण दर वेळी ताजं करा.

प्रश्न : नोटा तपासायच्या टॉर्चने ही रेषा दिसेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बऱ्याच स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरच्या असतात, आणि युरोपियमचे मणी तिथे फार कमी प्रकाश शोषतात. ३६५ ची टॉर्च घेतली तर अंधारात लालसर रेषा दिसू शकते, कारण हे मणी ६१५ च्या सुमारास उजळतात. पण पट्टीमागचं पांढरं प्लास्टिकही निळसर चमकतं आणि फिकी रेषा त्यात बुडून जाते. किती आहे हे त्यातून कळणार नाही, आणि टॉर्चचा झोत डोळ्यांत जाऊ देऊ नका.