औषध पोटात गेल्यावर : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

या वेळी निवडलेली चार पत्रे घरांतून आणि गोठ्यांतून आलेली असली, तरी त्यांच्यामागचा प्रश्न एकच आहे : औषध शरीरात गेल्यावर त्याचे होते काय, आणि एकाला जे मानवते ते दुसऱ्याला का मानवत नाही?

प्रश्न : आमच्या साडेतीन किलो वजनाच्या मांजरीला ताप होता. रविवारी पशुवैद्य मिळाले नाहीत, म्हणून पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा सकाळी आणि पाव तुकडा दुपारी दुधातून दिला. संध्याकाळी तिचे तोंड व पंजे सुजले, हिरड्या तपकिरी झाल्या आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. लहान मुलांना आपण देतो तेच औषध तिला का चालले नाही? (पुणे)

उत्तर : आपले पत्र वाचून फार वाईट वाटले. आपण तिच्या काळजीपोटीच औषध दिलेत आणि जे घडले ते कोणत्याही घरात घडू शकते, म्हणूनच त्याचे कारण सविस्तर सांगतो.

माणसाप्रमाणे मांजराच्याही आतड्यातून पॅरासिटामॉल लवकर रक्तात उतरते. फरक पडतो तो यकृतात. शरीराला नको असलेला पदार्थ लघवीवाटे बाहेर काढायचा, तर तो आधी पाण्यात सहज विरघळेल असा करावा लागतो आणि त्यासाठी यकृत त्याला दुसरा एखादा रेणू जोडते. माणसात पॅरासिटामॉलचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ग्लुकुरॉनिक आम्लाला आणि साधारण तिसरा हिस्सा सल्फेटला जोडला जातो. उरलेल्या थोड्या भागापासून एक विषारी पदार्थ तयार होतो, पण यकृतातले ग्लुटाथायोन त्याला तेथल्या तेथे निकामी करते. मांजरात मात्र ग्लुकुरॉनिक आम्लाची ही जोडणी करणाऱ्या विकराचे जनुकच निकामी आहे. केवळ घरच्या मांजरात नव्हे, तर वाघ-सिंहांसह साऱ्या मार्जार कुळात ते निकामी झालेले आढळते. केवळ मांसावर जगणाऱ्या या प्राण्यांना वनस्पतींतली रसायने पचवण्याची गरज पडली नाही, हे त्याचे कारण मानले जाते. मुख्य वाट अशी बंद असल्याने सल्फेटची अरुंद वाट लगेच भरते, औषध शरीरात साचते आणि ग्लुटाथायोन संपून जाते.

त्यात मांजराचे हिमोग्लोबिनही नाजूक असते. त्याच्या रेणूत ऑक्सिडीकरणाला बळी पडणारे आठ गंधकयुक्त गट असतात, माणसात ते दोनच असतात. बिघडलेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही आणि रक्त तपकिरी दिसू लागते. आपण हिरड्यांवर पाहिलात तो रंग हाच होता. मात्रा मुलांच्या हिशेबानेही जास्तच झाली होती, पण प्रतिकिलो १० मिलिग्रॅमनेही मांजरांना विषबाधा झालेली आहे, त्यामुळे मांजरासाठी सुरक्षित मात्रा शोधण्यात अर्थ नाही. चुकून असे कधी घडलेच, तर लक्षणांची वाट न पाहता, काय आणि किती दिले ते लपवून न ठेवता, काही तासांच्या आत पशुवैद्याकडे जावे, कारण एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे आणि वेळेवर दिल्यास तो उपयोगी पडतो.

कुत्र्यात याहून वेगळी एक जोडणी, ॲसिटिलीकरणाची, होत नाही, तर डुकरात सल्फेटची जोडणी कमकुवत असते. म्हणून एका जनावराच्या वजनावरून दुसऱ्याची मात्रा काढू नये.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे असून त्यांचे वजन ५० किलो आहे. रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.४ आल्यावर डॉक्टरांनी त्यांची मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी निम्मी केली. हा आकडा थोडाच वाढलेला आहे आणि साखर तर पूर्वीइतकीच आहे, मग गोळी कमी का करायची? (ठाणे)

उत्तर : मेटफॉर्मिनवर यकृत काहीही प्रक्रिया करत नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडांवाटे बाहेर जाते, म्हणून मूत्रपिंडे मंदावली की ते रक्तात साठू लागते. १.४ हा आकडा किरकोळ दिसतो, पण क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि वृद्धापकाळी स्नायूच कमी झालेले असल्याने मूत्रपिंडे बरीच थकली तरी आकडा फारसा वर चढत नाही. मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त गाळतात याचा अंदाज देणारे, औषधांच्या मात्रेसाठी वापरले जाणारे एक जुने सूत्र असे आहे : १४० मधून वय वजा करा, उत्तराला वजनाने गुणा आणि आलेल्या संख्येला ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागा. वडिलांसाठी हे उत्तर मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटर येते, तर ७० किलो वजनाच्या तिशीतल्या तरुणाला त्याच १.४ वर ते सुमारे ७६ येते. प्रयोगशाळेच्या अहवालावर ईजीएफआर म्हणून छापलेला आकडा वेगळ्या सूत्राने काढतात, त्यामुळे तो निराळा असू शकतो. तो ४५ च्या खाली गेला की मेटफॉर्मिन कमी करतात आणि ३० च्या खाली गेला की बंद करतात. डॉक्टरांचा निर्णय योग्य आहे. साखरेसाठी दुसरे औषध जोडायचे का, हे त्यांनाच विचारा.

प्रश्न : गायीला दगडी (कासेचा दाह) झाली. तीन दिवस एका सडात प्रतिजैविकाच्या ट्यूब सोडल्या. आता दूध स्वच्छ दिसते आहे. डॉक्टरांनी आणखी चार दिवस दूध टाकून द्यायला सांगितले आहे. बाकीच्या तीन सडांचे दूध डेअरीला घातले किंवा उकळून घरी वापरले तर चालेल का? (फलटण)

उत्तर : चालणार नाही, आणि दिवसाला १५ लिटर देणाऱ्या गायीचे ६० लिटर दूध ओतून देणे किती जिवावर येते हे जाणूनच मी हे लिहितो आहे.

दुधातल्या गाठी गेल्या याचा अर्थ रोग हटला; औषध गेले असा नव्हे. कासेचे चार भाग आतून वेगळे असले तरी त्यांना रक्तपुरवठा एकाच शरीरातून होतो. एका सडात सोडलेले औषध कासेतून रक्तात शोषले जाते आणि रक्तातून उरलेल्या तिन्ही भागांच्या दुधात उतरू शकते, म्हणून दूध चारही सडांचे टाकायचे असते. उकळल्याने जंतू मरतात, पण बहुतेक प्रतिजैविके टिकून राहतात. अशा दुधाला विरजण लावून पाहिले तर सकाळी ते तसेच पातळ राहिलेले दिसते, कारण दह्याचे जंतूच मारले गेलेले असतात. ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, त्याला त्या दुधाचा पेलाही त्रास देऊ शकतो. हे दूध वासरालाही पाजू नये, कारण त्याच्या आतड्यातले जंतू त्या औषधाला सरावतात.

कोणते औषध दुधात किती उतरेल हे त्याच्या स्वभावावर ठरते. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असते, म्हणून टायलोसिनसारखी अल्कधर्मी औषधे इंजेक्शनने दिली तरी रक्तातून दुधात शिरून तेथे अडकतात आणि रक्तापेक्षा दुधात जास्त साठतात. दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन स्नायूत साठून हळूहळू शोषले जाते, त्यामुळे शरीर ते झपाट्याने बाहेर टाकू शकत असले तरी पुरवठा चालूच राहतो. गाय आटवताना सडात सोडायच्या ट्यूबा तर कित्येक आठवडे टिकाव्यात अशाच बनवलेल्या असतात. त्या दुभत्या गायीला चुकूनही वापरू नयेत.

दिवस मोजायचे ते शेवटच्या मात्रेपासून, आणि डॉक्टरांनी वेष्टनावरच्यापेक्षा मात्रा वाढवली असेल तर वेष्टनावरचा कालावधी धरून चालत नाही. वेष्टनावर कालावधी दिलेलाच नसेल, तर २०१२ च्या नियमाप्रमाणे दूध व अंडी किमान ७ दिवस आणि मांस किमान २८ दिवस वापरता येत नाही. याच नियमात माशांसाठी ५०० अंश-दिवस (पाण्याचे तापमान गुणिले दिवस) सांगितले आहेत, आणि हा हिशेब मला फार समर्पक वाटतो : माशाचे शरीर पाण्याइतकेच गरम किंवा थंड असते, त्यामुळे औषध बाहेर टाकण्याचा वेगही पाण्यावर ठरतो. तळ्याचे पाणी २५ अंश असेल तर २० दिवस थांबायचे, २० अंश असेल तर २५ दिवस.

प्रश्न : गिधाडे मरतात म्हणून जनावरांच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर बंदी आली, मग ॲसिक्लोफेनॅक हे वेगळे औषध असूनही गिधाडांसाठी ते का थांबवले? (माणगाव, रायगड)

उत्तर : बाटलीत ते वेगळे असते, गायीत वेगळे राहत नाही. गायीच्या शरीरात ॲसिक्लोफेनॅकचे झपाट्याने डायक्लोफेनॅक होते, म्हणजे वेष्टनावरचे नाव बदलले तरी गिधाडाच्या पोटात जाते ते तेच.

लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील गिधाडांवर केलेल्या अभ्यासातून २००४ मध्ये गिधाडे मरण्याचे हे कारण उघड झाले. मेलेल्या पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर बसलेला होता. गायीला वेदनेपासून आराम देणारी मात्रा तिला बाधत नाही. पण इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत ती मेली, तर तिच्या मांसात उरलेले औषध गिधाडाला मारायला पुरते. भारतात जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ते इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या वेष्टनापुरते मर्यादित केले गेले. जनावरांसाठीच्या ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली.

आपल्या भागात अजून गिधाडे उतरतात, म्हणून एवढे करा : जनावराला वेदनाशामक देण्यापूर्वी बाटलीवरचे नाव वाचून घ्या आणि पशुवैद्यांकडे मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक ॲसिड मागा, कारण ही दोन्ही गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत. दुसरे एखादे वेदनाशामक दिल्यानंतर जनावर दगावले, तर ते माळावर न टाकता खोल खड्डा घेऊन पुरा.