कापडाखालचे विमान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आम्ही तिघा मित्रांनी पेनसिल्व्हेनियातील एका गवताळ धावपट्टीवर 1946 सालचे पायपर कब जातीचे विमान चार वर्षे खपून पुन्हा उडते केले. त्याविषयीचा माझा लेख मागील अंकात आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील, अशी पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न (न्यू जर्सीतील एक वाचक) : एका शेतकऱ्याच्या कोठारात तीस वर्षे उभे असलेले पायपर कब विकाऊ आहे. कापड ताठ असून पिवळा रंगही चांगला आहे. रंग व इंजिन पाहून घ्यावे, बाकीचे हळूहळू करता येईल, असे विक्रेता म्हणतो. विमान घ्यावे का?

उत्तर : आपण नेमक्या ज्या दोन गोष्टी पाहिल्या आहेत, त्यांवरून या विमानाबद्दल सर्वांत कमी कळते. जे-3 कब 1938 ते 1947 या काळात सुमारे 20,000 बनली आणि त्यांतील बहुतेक पेनसिल्व्हेनियातील लॉक हेवन येथील कारखान्यात बनली. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात, इंजिनाचे जाणकारही भेटतात. कापड तर बदलायचेच असते. प्रश्न असतो तो कापडाखालच्या सांगाड्याचा, आणि तो पाहिल्याशिवाय किंमत ठरवू नये.

कबचे धड पोलादी नळ्या जोडून केलेले असते. हे विमान जमिनीवर शेपूट टेकवून उभे राहत असल्यामुळे आत शिरलेले पाणी व दमट हवेतील ओल उताराने मागे जाते आणि शेपटाजवळच्या खालच्या नळ्यांपाशी साचते. गंज तेथेच धरतो, आणि पुष्कळदा तो नळीच्या आतून धरतो, म्हणजे बाहेरचा रंग शाबूत दिसतो व आतला धातू कागदासारखा पातळ झालेला असतो. विक्रेत्याची परवानगी घेऊन शेपटाखालचे थोडे कापड उघडावे, आणि अनुभवी मेकॅनिककडून त्या नळ्या टोकदार पंचाने ठोकून पाहाव्यात. चांगली नळी पंचाला दाद देत नाही. आमच्या विमानात पंच सरळ आत गेला होता. पुढचे आठ महिने वेल्डिंगमध्ये गेले. ते दुखणे आधी कळले असते, तर आम्ही विमान कदाचित घेतलेही असते. पण त्या किमतीला घेतले नसते.

पंखाला धडाशी जोडणाऱ्या तिरक्या दांड्यांचा, म्हणजे स्ट्रटांचा, वेगळा विचार करावा लागतो. त्या आतून गंजून पंख निकामी होण्याचा धोका असल्यामुळे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जुन्या पायपर विमानांसाठी सक्तीचा आदेश काढलेला आहे. त्यानुसार जुन्या उघड्या धाटणीच्या दांड्या दर चोवीस महिन्यांनी तपासाव्या लागतात. दोन्ही टोके बंद केलेल्या नव्या दांड्या बसवल्या, की ती वारंवार तपासणी टळते. कोठारातल्या विमानाला नव्या दांड्या आहेत का, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

पंखांतील मुख्य तुळया, ज्यांना स्पार म्हणतात, त्या आधीच्या कबांमध्ये स्प्रूस लाकडाच्या असत. महायुद्ध संपण्याच्या सुमारास कारखान्याने ॲल्युमिनियमच्या वापरायला सुरुवात केली. आपल्या विमानात कोणत्या आहेत ते पाहावे. लाकडी असतील, तर बोल्टांच्या भोकांपाशी, टोकांशी आणि दांडी जोडतात त्या जागी बारीक चिरा शोधाव्यात. दाबाखाली तंतू मोडून आलेली आडवी रेघ नखानेही जेमतेम लागते, पण तेवढ्याने तुळई बाद होते. ॲल्युमिनियमच्या असतील, तर उंदरांची घरटी शोधावीत. तीस वर्षे कोठारात उभ्या राहिलेल्या विमानात उंदीर नसतील, असे मला वाटत नाही, आणि त्यांच्या मूत्राने पंखाला आकार देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या फासळ्या खाल्ल्या जातात.

एवढे सगळे ठीक निघाले, तरी लॉगबुके, म्हणजे विमानाच्या नोंदवह्या, मागा. विमान बनले तेव्हापासूनची सलग लॉगबुके, मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म 337 आणि विमानावरच्या क्रमांकांशी जुळणारे कागद नसतील, तर ती पोकळी भरून काढणे गंजक्या नळीपेक्षाही महाग पडते.

प्रश्न (पुण्यातील एक वाचक, फ्लाइंग क्लबचे निवृत्त मेकॅनिक) : आम्ही 'पुष्पक' विमानांवर सुती कापड व डोप (कापड ताठ करणारा लेप) वापरत असू. आता काय वापरतात? जुन्या पद्धतीचे काही शिल्लक राहिले आहे का?

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार आनंद झाला. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या आणि जर्मनीत गटिंगेन येथे वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टने केलेले 'पुष्पक' 1958 मध्ये प्रथम उडाले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड आणि पुढे काँटिनेंटल कंपनीचे नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, म्हणजे कबच्या घराण्यातलेच विमान. ज्या हातांनी ते सांभाळले, त्यांना या कामातले काही नव्याने सांगण्याची गरज नाही. बदलले आहे ते साहित्य.

सुती कापड डोप लावल्यावर आकसते व ताणले जाते. उन्हाने आणि ओलीने त्याची ताकद घटत जाते, म्हणून त्याची मोजणी करावी लागते. ग्रेड-ए कापडाची इंचभर रुंद पट्टी नवी असताना 80 पौंडांचा ताण सोसते आणि 56 पौंडांखाली आली की ते कापड काढून टाकावे लागते. कबसारख्या हलक्या विमानाला चालणाऱ्या कापडासाठी हेच आकडे 65 आणि 46 आहेत. आता बहुतेक ठिकाणी पॉलिस्टर कापड वापरतात. ते चौकटीला चिकटवून इस्त्रीने आकसवतात, आधी सुमारे 120 अंश सेल्सियसला आणि शेवटी सुमारे 175 अंशांना. घरची इस्त्री यासाठी चालते, परंतु तिच्या चकतीवरील आकड्यांवर विश्वास ठेवू नये. तापमापक लावून ती स्वतः मोजून खुणा कराव्यात, कारण फाजील उष्णता लागलेले कापड सैल पडते आणि ते पुन्हा ताणता येत नाही. नायट्रेट डोप भयंकर ज्वालाग्राही असल्यामुळे पुष्कळांनी त्याची संगत सोडली आहे. चंदेरी थर मात्र अनेक पद्धतींत टिकून आहे, कारण ॲल्युमिनियमच्या भुकटीमुळे सूर्याचे अतिनील किरण कापडापर्यंत पोहोचत नाहीत. पॉलिस्टर सुतापेक्षा कितीतरी अधिक टिकते ते या थराच्या भरवशावर. उघडे ठेवले, तर तेही उन्हाने मरते.

फासळ्यांना टाके घालण्याची आपली पद्धत जशीच्या तशी उरली आहे. लांब सुई, मेण लावलेला दोरा, पंख उभा करून एका बाजूला एक माणूस व दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ. प्रोपेलरचा झोत जेथे लागतो, तेथे टाके जवळ जवळ घालायचे, बाहेर थोडे लांब. माझी आई गोधडीला धावदोरा घालत असे आणि तो एका जागी तुटला, की पुढचा सगळा उसवत असे. पंखावर तसे होऊन चालत नाही, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचा जागेवर राहील अशी गाठ मारतात. मला ती गाठ नीट यायला एक आठवडा लागला. आपल्या क्लबातील कोणी तरुण हे शिकायला तयार असेल, तर आपण त्याला जरूर शिकवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (कॅलिफोर्नियातील एक वाचिका) : मी इंजिनिअर आहे, पण विमानाची मेकॅनिक नाही. स्वतःच्या विमानाचे काम कायद्याने मला किती करता येईल?

उत्तर : आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच, पण आपल्या एकटीच्या सहीवर थोडेच. अमेरिकेत वैमानिकाचा परवाना असलेल्या मालकाला स्वतःच्या विमानाचे तेल बदलणे, टायर बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे, जेथे फासळीचे टाके लागत नाहीत अशी कापडाची लहान ठिगळे लावणे, अशी प्रतिबंधक देखभालीची यादीतील कामे करून लॉगबुकात नोंद करता येते. यापलीकडचे काम परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली आपल्या हाताने करता येते. तो प्रत्यक्ष पाहणारा आणि विचारायला उपलब्ध असला पाहिजे आणि शेवटी सही त्याची. वार्षिक तपासणीला विशेष अधिकार असलेला मेकॅनिक लागतो. सुती कापडाऐवजी पॉलिस्टर घालणे हा विमानाच्या मूळ मान्यतेतील बदल असल्यामुळे त्या पद्धतीची पूरक मान्यता आणि फॉर्म 337 लागतात, आणि त्या पद्धतीचे साहित्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मालिकेतले वापरावे लागते. एकाचा गोंद, दुसऱ्याचा रंग, असे केले की मान्यता उरत नाही.

म्हणून मेकॅनिक आधी शोधावा आणि विमान नंतर. कापडाच्या विमानांत रस असणारे मेकॅनिक कमी होत चालले आहेत. विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे दर उन्हाळ्यात एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचा मेळावा भरतो. तिच्या जुन्या विमानांच्या विभागाच्या मांडवात आपण दोन दिवस नुसते बसलात, तरी अशी माणसे भेटतील.

प्रश्न (नाशिकमधील एक विद्यार्थी) : या विमानाला बॅटरी नसते असे आपण लिहिले होते. मग ते सुरू कसे करतात?

उत्तर : हाताने प्रोपेलर फिरवून. कबच्या 65 अश्वशक्तीच्या काँटिनेंटल इंजिनात ठिणगीची वीज मॅग्नेटो नावाची उपकरणे स्वतः तयार करतात, त्यामुळे बॅटरी लागत नाही. हे सोपे दिसते आणि म्हणूनच धोक्याचे आहे. चाकांना अडणी लावायची, शेपूट खुंट्याला बांधायचे, आत जाणकार माणूस बसवायचा, बटण बंद असले तरी प्रोपेलर जिवंत आहे असेच समजून त्याला हात लावायचा आणि फिरवताना पाय व तोल मागे राहील असे उभे राहायचे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहे. एका थंडीतल्या सकाळी मी शेपूट बांधले नव्हते, आणि थ्रॉटल मला वाटले त्यापेक्षा अधिक उघडा राहिला होता. इंजिन एकदम गर्जून सुरू झाले आणि विमान माझ्या अंगावर चालून आले. चाकाखालची अडणी टिकली म्हणून मी हे लिहू शकतो. त्यानंतर आम्ही शेपटाच्या दोराला लाल फडके बांधले आहे. ते दिसल्याशिवाय आमच्यापैकी कोणी प्रोपेलरला हात लावत नाही.

प्रश्न (कोल्हापूरचे एक वाचक) : महाराष्ट्रात असा छंद करता येईल का?

उत्तर : उडवण्याच्या उद्देशाने करणे फार अवघड आहे, आणि ते मी आपल्यापासून लपवणार नाही. परवानाधारक माणसे, सुटे भाग, इंधन आणि लहान खासगी धावपट्ट्या हे चारही अमेरिकेत जवळ जवळ मिळतात. आपल्याकडे प्रत्येकासाठी वेगळी खटपट आहे. परंतु आपल्याकडे हे घडलेच नाही असे नाही. जे. आर. डी. टाटांनी 1932 मध्ये पस मॉथ विमानातून कराची ते मुंबई टपाल आणले आणि पन्नास वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. त्या उड्डाणाचे कौतुक करताना ते विमान उडण्याजोगे करणाऱ्या कारागिरांचीही आठवण ठेवली पाहिजे, असे मला वाटते. भारतीय हवाई दलाने आपले टायगर मॉथ हे जुने विमान इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतले आणि 2012 च्या हवाई दल दिनी दिल्लीजवळच्या हिंडन तळावर ते उडाले.

लाकडी पंखांचे विमान आपल्या हवेत ठेवायचे, तर पावसाळा हा मोठा शत्रू आहे. जुन्या विमानांतील केसीन नावाचा दुधापासून केलेला गोंद सततच्या ओलीत बुरशीने कुजतो आणि सांधा बाहेरून जुळलेला दिसत असतानाच आतून सुटलेला असतो. कोकणातल्या माणसाला दाराच्या चौकटीविषयी हे सांगावे लागत नाही.

न उडणारे, पण खरेखुरे जतन मात्र आपल्याला करता येईल. एखाद्या क्लबाच्या अडगळीत पडलेला सांगाडा, त्याची कागदपत्रे, तेथे काम केलेल्या मेकॅनिकांच्या आठवणी, हे सगळे आज हाताशी आहे. पुण्याचे वरील वाचक आपल्याला नक्की मदत करतील. आपली हरकत नसेल, तर संपादकांमार्फत आपली गाठ घालून देतो.

प्रश्न (साताऱ्यातील इयत्ता सातवीतील वाचक) : मागच्या अंकातील फोटोत विमानाच्या नाकावर एक तार उभी दिसते. ती कशासाठी असते?

उत्तर : तू अगदी बारकाईने पाहिलेस. ती कबची इंधनाची खूण आहे. वैमानिकासमोर, इंजिनाच्या मागे, सुमारे 45 लिटरची टाकी असते. टाकीच्या झाकणातून वर आलेल्या तारेच्या खालच्या टोकाला बूच असते, ते इंधनावर तरंगते. इंधन संपत जाते तशी तार खाली बसते, आणि एकटा वैमानिक तोल सांभाळण्यासाठी मागच्या आसनावर बसत असला, तरी काचेतून त्याला ती दिसते.

या बुचाला पूर्वी लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, लेप देत असत. मोटारीच्या पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल मिसळलेले असते, आणि त्यात तो लेप विरघळून चिकट होतो. मग बूच इंधन पिऊन जड होते, तार खोटे सांगू लागते आणि सुटलेला चिकटा कार्बोरेटरच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. म्हणून या टाकीत इथेनॉल घातलेले पेट्रोल भरायचे नाही, आणि तार कितीही उंच दिसत असली, तरी प्रत्येक उड्डाणापूर्वी आम्ही झाकण काढून स्वच्छ लाकडी काठी टाकीत बुडवतो आणि ती किती भिजली ते पाहतो.