गिब्सन लेस पॉल स्टँडर्डच्या 'फिफ्टीज' आणि 'सिक्स्टीज'मध्ये फरक काय? घ्यावी कोणती?

तुमचा प्रश्न असा की दोन्ही गिटार दिसायला सारख्या, किमतीही जवळजवळ, मग गिब्सन या अमेरिकी कंपनीनं एकाच नावाच्या दोन इलेक्ट्रिक गिटार कशाला काढल्या?

मुख्य फरक नेकचा, म्हणजे तारा दाबायला हात फिरतो त्या लांब दांड्याचा आहे. फिफ्टीजचा नेक जाड, मुठीत भरणारा, सिक्स्टीजचा सडपातळ. पिकअप (तारांची थरथर विजेच्या लहरींत बदलणारा चुंबकी भाग) आणि ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) हेही वेगळे आहेत, पण ते नंतर बदलता येतात. नेक बदलता येत नाही, कारण तो बॉडीला चिकटवलेला असतो.

आता नावातली गंमत. साठच्या दशकात बहुतेक काळ या आकाराची लेस पॉल स्टँडर्ड बनतच नव्हती! तो सडपातळ नेक खरं तर 1960 या एकाच सालचा. 1961 मध्ये गिब्सननं त्या नावाखाली पातळ, दोन शिंगांची वेगळीच बॉडी आणली. तीच पुढे 'एसजी' नावाची वेगळी गिटार झाली.

मूळ गिटार 1952 ची. मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या कारखान्यात बनलेली, वरून सोनेरी रंगाची, पी-नाइंटी या एका गुंडाळीच्या पिकअपची. पहिल्याच वर्षी एक घोळ झाला होता. नेकचा कोन इतका कमी ठेवला की तारा टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवायचा भाग) दांडीवरून न्यायच्या, त्या खालून न्याव्या लागल्या. त्यामुळे उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून आवाज दाबणं जमेना. मग कोन वाढवला, तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज बदलला. 1957 मध्ये गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांचा 'हंबकर' हा नवा पिकअप बसला. दोन उलट गुंडाळ्या एकमेकींची घरघर खोडून काढतात, एवढीच साधी युक्ती. गिटारचा आवाज मात्र पार बदलला. 1958 मध्ये सोनेरी रंग जाऊन लालसर-पिवळा सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये फिकट) आला, कारण सोनेरीला गिऱ्हाईक कमी होत होतं. तो लाल रंग उन्हानं उडायचा, म्हणून त्या काळातल्या कितीतरी गिटार आज लिंबासारख्या पिवळ्या दिसतात. काही संग्राहकांना तो उडालेला रंगच आवडतो.

अशा सनबर्स्ट 1958 ते 1960 मिळून दीड हजारांच्या आसपासच बनल्या. खपल्या नाहीत म्हणून बंद झाल्या, आणि बंद झाल्यावर गाजल्या. 1966 च्या सुमारास एरिक क्लॅप्टननं जॉन मेयलच्या बँडमध्ये अशीच एक मार्शल अ‍ॅम्पला लावून मोठ्या आवाजात वाजवली आणि लंडनमधली पोरं जुन्या लेस पॉल शोधू लागली. 1968 मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा काढावी लागली.

सत्तरचं दशक मला फारसं आवडत नाही. मालक बदलला, थरांची बॉडी आली, मेपल लाकडाचे तीन तुकडे जोडून केलेला नेक आला. त्यातही चांगल्या गिटार आहेत, पण वजन एखाद्या पोत्यासारखं. नव्या मालकांनी 1986 मध्ये कंपनी घेतल्यावर गाडी रुळावर आली. वजनाचा इलाज त्याआधीच सुरू झाला होता: बॉडीत भोकं पाडली होती, पुढे 2008 च्या स्टँडर्डमध्ये तर आतून कप्पेच कोरले. 2015 मध्ये तारा आपोआप सुरात लावणारे मोटरचे ट्यूनर आणि रुंद नेक सरसकट बसवले, किंमतही वाढवली. वाजवणाऱ्यांनी तोंडं फिरवली. 2018 च्या मे महिन्यात कंपनीनं दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं, त्याला इतरही कारणं होती, मुख्य म्हणजे गिटारबाहेरच्या धंद्यांचं कर्ज.

त्यातून बाहेर आल्यावर 2019 मध्ये आल्या तुमच्या या दोघी. मोटर नाही, भोकं नाहीत, भरीव महोगनी लाकूड आणि वर मेपलचा थर. ज्यांना नवं तंत्र हवं त्यांच्यासाठी 'मॉडर्न' नावाची वेगळी गिटार ठेवली. साठ वर्षं फिरून स्वारी पुन्हा 1958 ते 1960 च्याच दारात.

घेण्याबद्दल म्हणाल तर वर्षांकडे पाहू नका. दोन्ही हातात घ्या, पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पहिल्या पट्टीपाशी) एफचा बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबून) धरून पाच मिनिटं नुसतं वाजवत राहा. अंगठा दुखतो का बघा. मग पट्टा लावून अर्धा तास उभे राहा. भरीव असल्यानं चार किलो सहज भरते. माझा हात लहान, म्हणून सगळ्यांनी सिक्स्टीज सुचवली होती. मी फिफ्टीज घेतली, कारण जाड नेकवर माझी मूठ कमी आवळली जाते.