कमिटचा मजकूर लॅपटॉपवरच्या मॉडेलकडून लिहून घ्यावा का?

प्रश्न : मी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर आहे. ग्राहकाशी झालेल्या करारानुसार कोड बाहेरच्या कोणत्याही सेवेकडे पाठवता येत नाही. कमिटचा, म्हणजे कोडमधील बदलाची नोंद करताना द्यावा लागणारा, संदेश इंग्रजीत लिहिताना मी अडखळतो, त्यामुळे ‘फिक्स’, ‘चेंजेस’ असे एकेका शब्दाचे संदेश जातात आणि वरिष्ठ ते परत पाठवतात. माझ्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. त्यावरच एआय मॉडेल चालवून हे काम करून घेता येईल का, आणि ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : करून घेता येईल. मॉडेल आपल्याच यंत्रावर चालवणारे ओलामासारखे साधन आपल्या लॅपटॉपवर सहज चालते, आणि ७ अब्ज पॅरामीटरचे (म्हणजे मॉडेलमधील शिकलेल्या आकड्यांचे), ४ बिटपर्यंत आकुंचित केलेले क्वेन २.५ कोडर हे मॉडेल साधारण पावणेपाच जीबी जागा घेत असल्याने १६ जीबीत ते मावते. ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे उत्तराला वेळ लागेल, तेवढा धीर धरावा. याच मालिकेतले ३ अब्जांचे मॉडेल अधिक वेगवान आहे, परंतु त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मुभा देत नाही; ७ अब्जांचे आणि दीड अब्जाचे मॉडेल अपाची २.० परवान्याखाली मिळते, म्हणून कार्यालयीन कामासाठी त्या दोहोंतूनच निवड करावी. आणखी एक दक्षता घ्यावी : ओलामाच्या यादीत आता नावापुढे ‘क्लाउड’ असे लिहिलेली मॉडेलेही असतात, ती चालवल्यास मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो आणि आपला करार मोडतो.

जोडणीसाठी गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ‘प्रिपेअर-कमिट-एमएसजी’ नावाचा हुक, म्हणजे ठरावीक टप्प्यावर आपोआप चालणारी स्क्रिप्ट, आहे. एडिटर उघडण्यापूर्वी गिट ही स्क्रिप्ट चालवते आणि संदेश ज्या फाइलमध्ये लिहायचा तिचे नाव तिला देते. स्क्रिप्टने कमिटसाठी निवडलेल्या (स्टेज केलेल्या) बदलांचा डिफ, म्हणजे जुन्या-नव्या ओळींतील फरक, घ्यावा, तो आपल्याच यंत्रावर ११४३४ या पोर्टवर ऐकणाऱ्या ओलामाकडे द्यावा आणि आलेले उत्तर त्या फाइलमध्ये उतरवावे. त्यानंतर एडिटर उघडतो आणि शेवटचा हात आपलाच फिरतो.

डिफ फार मोठा झाला तर मॉडेलच्या संदर्भमर्यादेत (एका वेळी वाचता येईल एवढ्या मजकुरात) न बसणारा भाग गळून जातो आणि उरलेल्या तुकड्यावरून मॉडेल पूर्ण आत्मविश्वासाने संदेश लिहून मोकळे होते. लॉगिनमधल्या दोन ओळींच्या दुरुस्तीसोबत माझ्या एका कमिटमध्ये पॅकेज-लॉक फाइलच्या (वापरलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्यांच्या यंत्रनिर्मित यादीच्या) शेकडो ओळी गेल्या होत्या. संदेश आला तो केवळ ‘पॅकेजेस अद्ययावत केली’ असा, लॉगिनचा त्यात उल्लेखही नव्हता. अशा यंत्रनिर्मित फाइली डिफमधून वगळाव्यात, ओलामातील संदर्भमर्यादा वाढवून घ्यावी, आणि मुख्य म्हणजे एका कमिटमध्ये एकच बदल ठेवावा.

ते योग्य ठरेल का, हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. डिफमध्ये काय बदलले ते दिसते. का बदलले ते बहुधा दिसत नाही. समजा, आपण पेमेंटच्या विनंतीची कालमर्यादा ३० सेकंदांवरून ९० केली. मॉडेल लिहील, ‘कालमर्यादा ३० वरून ९० सेकंद केली’. हे तर डिफ उघडणाऱ्या कोणालाही दिसते. महिनाअखेरीस बँकेकडून उत्तर उशिरा येते, तेवढ्यात आपली विनंती तुटते, ग्राहक पुन्हा बटण दाबतो आणि पैसे दोनदा कापले जातात, ही हकिगत फक्त आपल्याला ठाऊक असते. दोन वर्षांनी कोणी गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवून त्या ओळीवर येईल आणि ९० हा आकडा उगाच मोठा आहे असे समजून तो खाली आणू पाहील, तेव्हा संदेशात लिहिलेली हीच हकिगत त्याला थांबवील. कारण न सांगता मागितलेला संदेश मॉडेल पुष्कळदा ‘विश्वासार्हता वाढवण्यासाठी’ अशा पोकळ शब्दांनी भरून काढते, आणि असा संदेश मला ‘फिक्स’पेक्षाही घातक वाटतो, कारण तो वाचून समाधान होते.

म्हणून स्क्रिप्टने मॉडेलला हाक मारण्यापूर्वी आपल्याकडून एका ओळीत कारण मागून घ्यावे. ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले तरी चालेल. एवढ्या लहान मॉडेलची मराठी कच्ची असते, इंग्रजी मात्र ते उत्तम सावरते. पहिली ओळ आज्ञार्थी आणि ५० अक्षरांच्या आसपास, त्यानंतर एक ओळ रिकामी आणि मग कारण, एवढी सूचना त्याला पुरते. जे आपण सांगितले नाही ते कारण म्हणून लिहू नये, हेही बजावावे, आणि तरीही जतन करण्यापूर्वी प्रत्येक वाक्य वाचावे. पासवर्ड किंवा किल्ली डिफमध्ये असेल तर ती संदेशात उतरू शकते.

प्रश्न : जुने निकृष्ट संदेश मॉडेलकडून एकदमच सुधारून घेतले तर?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सामायिक शाखेवर तसे करू नये. संदेश बदलला की त्या कमिटचा हॅश (त्याची ओळख ठरवणारा संकेतांक) बदलतो, त्यापाठोपाठ पुढच्या सर्व कमिटांचाही, आणि सहकाऱ्यांच्या प्रती आपल्या प्रतीशी जुळेनाशा होतात. पुश न केलेला, म्हणजे सामायिक ठिकाणी अजून न पाठवलेला, शेवटचा कमिट ‘अमेंड’ने खुशाल सुधारावा. जुन्या कमिटचे कारण आपल्याला आजही आठवत असेल, तर ते ‘गिट नोट्स’ने जोडावे, त्याने हॅशला धक्का लागत नाही; मात्र साध्या पुशबरोबर या नोंदी जात नाहीत, त्या वेगळ्या पाठवाव्या लागतात.