पेन्शनची वर्षं कुठून मोजायची?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पोस्टमनची परीक्षा पास होऊन रत्नागिरीत रुजू झालास, फार बरं वाटलं. पण तुझा बेत वाचून लिहायला बसलो. "वेळणेश्वरकडे बीपीएम, म्हणजे शाखा पोस्टमास्तर म्हणून ९ वर्षं झालीच आहेत, आणखी १६ काढतो, २५ भरली की राजीनामा देऊन कलमांची बाग बघतो," म्हणतोस.

ती ९ वर्षं पेन्शनला धरत नाहीत. बीपीएम हा ग्रामीण डाक सेवकांत मोडतो, आणि ती नोकरी ही नियमित सरकारी सेवा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तीच बाजू उचलून धरली. मला हे पटत नाही, पण माझ्या न पटण्याने हिशेब बदलत नाही. तुझी मोजणी पोस्टमन झालास तिथपासून. एकतिसाव्या वर्षी लागलास, म्हणजे साठीपर्यंत २९ वर्षं मिळतात.

तू यूपीएस, म्हणजे केंद्राची एकीकृत पेन्शन योजना घेतली आहेस. तिच्यात २५ वर्षं भरली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे मिळतात, वर महागाईची वाढ. त्याहून कमी सेवेला त्या प्रमाणात. सरासरी ६०,००० धर: २५ वर्षांना ३०,०००, २० वर्षांना २४,०००. १० वर्षांच्या आत हमी नाहीच.

आता राजीनाम्याचं. तो दिलास की दरमहाची हमीच गेली. २० वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तुझ्या बेताप्रमाणे सत्तेचाळिसाव्या वर्षी खरी सेवा जेमतेम १६ होईल, तिथे तीही बसत नाही. एक्कावन्नाव्या वर्षी घेतलीस तरी पैसे साठीलाच सुरू होणार. मधली ९ वर्षं हापूसवर काढायची? अवकाळीने मोहोर गळाला की बागायतदार काय करतात, ते तू माझ्याहून जास्त पाहिलंयस. बाग हवी तर कर, नोकरी सांभाळून कर. आपल्याकडे निम्मं पोस्ट तेच करतं.

गणपती-शिमग्याला बिनपगारी रजा टाकायची खोड लावून घेऊ नकोस. त्या काळात पगारातून पेन्शनची वर्गणी जात नाही, आणि सेवा मोजताना ती वर्गणीच बघतात. पेन्शनच्या खात्यातून मध्येच रक्कम काढलीस आणि परत भरली नाहीस, तर हमीची रक्कमही घटते.

सेवापुस्तकात रुजू झाल्याची तारीख नीट चढली आहे का, ते या महिन्यातच बघून घे. आणि लग्न झालं की बायकोचं नाव नोंदव. निवृत्तीनंतर तुझं काही झालं तर तुझ्या पेन्शनीतले ६० टक्के तिला मिळतात.