तबस्सुम नायिका होऊ शकल्या नाहीत म्हणून निवेदिका झाल्या का?

तुम्ही विचारलंय की तबस्सुम यांना हिंदी सिनेमात नायिका होता आलं नाही म्हणून त्या दूरदर्शनवर मुलाखती घेऊ लागल्या का. आणि नाटकात छोट्या भूमिका करणाऱ्या तुम्हाला आता कार्यक्रमांच्या निवेदनाचं काम येतंय, ते घेतलं तर लोक माघार समजतील का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर, समजू देत. मी तेहतीस वर्षं निवेदन केलं आणि तुमचा पहिला प्रश्न जवळजवळ याच शब्दांत माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकत आले. त्यामुळे आज सविस्तर लिहिते.

तबस्सुम यांचा जन्म १९४४चा. पडद्यावर आल्या त्या १९४७ साली, म्हणजे तीन वर्षांच्या असताना. ‘दीदार’ हा सिनेमा १९५१चा. त्यात घोड्यावर बसून ‘बचपन के दिन भुला न देना’ म्हणणारी मुलगी त्याच, आणि सोबतचा मुलगा म्हणजे बलराज साहनींचा परीक्षित. सिनेमात मोठेपणी ती मुलगी नर्गिस होते. पुढच्याच वर्षी ‘बैजू बावरा’त त्या लहानपणची मीनाकुमारी झाल्या. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत नर्गिस आणि मीनाकुमारी या दोघींचं बालपण जिने पडद्यावर उभं केलं, तिला अपयशी म्हणायला जीभ कशी रेटते, मला कळत नाही.

मोठेपणी नायिकेच्या भूमिका आल्या नाहीत, हे खरं आहे. पण त्या काळातल्या किती ‘बेबी’ पुढे नायिका झाल्या? मास्टर विनायकांची मुलगी नंदा झाली. ‘बूट पॉलिश’मधली बेबी नाझ मोठी नायिका झाली नाही, पुढे तिने श्रीदेवीला हिंदीत आवाज दिला आणि तो आवाज आपण सगळ्यांनी ऐकला. बालकलाकाराचा चेहरा लोकांच्या मनात त्या वयालाच थांबलेला असतो. तो मोठा झालेला बघायला प्रेक्षक तयार नसतो, त्यात त्या मुलीचा दोष काय?

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा मुलाखतींचा कार्यक्रम ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ही. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. कार्यक्रम चालला १९९३पर्यंत. एकवीस वर्षं! एवढी वर्षं त्या काळातल्या किती नायिका नायिका म्हणून टिकल्या, मोजून बघा. शिवाय चित्रपटातल्या माणसाला समोर बसवून गप्पा मारायच्या, ही गोष्टच आपल्याकडच्या टीव्हीवर नवी होती. गिरवायला पाटी कोणी दिली नव्हती.

आमच्याकडे पुण्यात टीव्ही दिसायला लागला तो १९७३ला सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र झाल्यावर. वाड्यात एकच संच, मालकांकडे, लाकडी सरकत्या दारांचा. मी सहावीत असेन. आम्ही पोरं पुढे फरशीवर, बायका मागे, पुरुष दाराशी उभे. बाकीचे बघायचे कोण पाहुणा आलाय ते, मी बघायची तबस्सुमना. केसांत फूल, चेहरा हसरा, आणि पाहुण्याकडे झुकून बसण्याची ती पद्धत. पडद्यावर रुबाबात वावरणारी माणसं त्यांच्यासमोर घरात बसल्यासारखी सैल व्हायची. होणारच! त्यातल्या कित्येकांनी या मुलीला सेटवर फ्रॉकमध्ये बागडताना पाहिलं होतं. तिच्याशी कशाला आव आणतील? बालकलाकार म्हणून केलेली ती सगळी वर्षं त्या खुर्चीत कामाला आली. म्हणून ‘सिनेमा सोडून टीव्हीकडे गेल्या’ हे वाक्यच मला पटत नाही. सिनेमा त्यांनी बरोबर नेला होता.

आता दादाची गोष्ट.

मी कॉलेजात असताना ऑर्केस्ट्राचं निवेदन करायला लागले. दादाचं म्हणणं, गाता येत नाही, अभिनय जमत नाही, तेच लोक माईकवर बडबड करतात. तबस्सुमचं नाव मी काढलं की तो लगेच म्हणायचा, “तिला हिरॉइन कोणी केलं नाही म्हणून ती तिथे बसलीय. स्मिता पाटील बघ, त्याच मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत होती, गेली की नाही सिनेमात?” स्मिता पाटील गेल्या आणि मोठ्या झाल्या, त्यात वादच नाही. पण त्या वर गेल्या आणि तबस्सुम खाली आल्या, ही शिडी कोणी उभी केली? दादाने. मला तेव्हा उत्तर सुचायचं नाही, मी रडायची.

१९९१च्या गणपतीत सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आमचा कार्यक्रम होता. साडेनऊची वेळ. वादक आमच्या गाडीतून पोचले, गायक-गायिकेची गाडी घाटात बंद पडली. निरोप आला तो दहाला. मांडवात हजारभर माणसं, पुढे पोरांच्या शिट्ट्या सुरू झालेल्या. मंडळाचा अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, काहीतरी बोला.” की-बोर्डवाल्याने दोन धून वाजवल्या, मग तोही थकला.

चुटके सांगून झाले, तेही पाच मिनिटांत संपले. मग मला ती झुकून बसायची पद्धत आठवली. मी स्टेजवरून खाली उतरले, माईकची वायर पुरेल तिथवर गेले आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांच्या पायाशी बसले. डोक्याला पागोटं, हातात काठी. विचारलं, “बाबा, पहिला शिनेमा कुठं बघितला?” ते म्हणाले, “जत्रंत, तंबूत.” कोणाबरोबर, विचारलं. बाबा गप्प.

तिथे माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर पुढचा प्रश्न टाकला असता. माझ्याही ओठावर आला होता. मी तो गिळला. माईक त्यांच्या तोंडाजवळ तसाच धरून ठेवला. हात भरून आला. मागच्या शिट्ट्या थांबल्या. मग बाबा म्हणाले, “मालकिणीबरूबर. नवं लगीन हुतं. तंबूत बाया एकीकडं, गडी एकीकडं. मधी कापड. शिनेमा काय मी बघितलाच न्हाई, कापडाकडंच बघत हुतो.” हजार माणसांचा मांडव आधी हसला आणि मग एकदम शांत झाला, कारण बाबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मालकीण त्याच उन्हाळ्यात गेल्या होत्या, हे शेजारच्याने मला नंतर सांगितलं.

त्यानंतर माणसं आपणहून हात वर करायला लागली. गायक पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि एकही माणूस उठलेला नव्हता. गायिका आल्या आल्या मला म्हणाली, “पब्लिक इतकं गरम कसं काय?”

पहाटे पाकिटं वाटली. गायकांना, वादकांना, साउंडवाल्याला. मला नारळ आणि ब्लाऊजपीस. अध्यक्ष अगदी मनापासून म्हणाला, “ताई, तुमचं काय, बोलणंच तर होतं.” घरी येऊन सांगितलं तर दादा म्हणाला, “बरोबर बोलला तो.”

दादा, तू हे वाचत असशील तर ऐक. बोलणं सोपं होतं, ते मी पाच मिनिटांत संपवलं होतं. पुढचा अर्धा तास निघाला तो मी गप्प बसले म्हणून. समोरच्याला बोलता करायचं आणि आपण बाजूला राहायचं, हे काम अभिनयाइतकंच अवघड आहे, आणि नट मंडळींना तर ते फार जड जातं, कारण उजेड स्वतःवर घ्यायची त्यांना सवय असते. तबस्सुमना कॅमेऱ्याची सवय वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनची, तरी एकवीस वर्षं त्यांनी कॅमेरा पाहुण्याकडे जाऊ दिला. याला हार म्हणायचं असेल तर तू म्हण.

त्यांनी पुढेही काम थांबवलं नाही. ‘गृहलक्ष्मी’ या हिंदी मासिकाच्या त्या पंधरा वर्षं संपादक होत्या, रंगमंचावरचे कार्यक्रम केले, १९८५मध्ये एक चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. सत्तरी ओलांडल्यावर यूट्यूबवर स्वतःचं चॅनल चालवून जुन्या कलाकारांच्या आठवणी सांगत होत्या. १८ नोव्हेंबर २०२२ला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेल्या. मी त्या दिवशी दादाला फोन केला. तो म्हणाला, “तो वाड्यातला टीव्ही आठवला.” एवढंच. त्यावर मी काही बोलले नाही.

आता तुमच्याबद्दल. काम घ्या. नाटक सोडायला मात्र मी सांगत नाहीये, तालमीच्या तारखा सांभाळून दोन्ही होतं. एक गोष्ट आधीच कबूल करते. तबस्सुमना मिळालेला काळ तुम्हाला मिळणार नाही. तेव्हा बरीच वर्षं वाहिनी एकच होती, दुसरं काही लावायची सोयच नव्हती. शिवाय त्यांच्या ओळखी लहानपणापासूनच्या होत्या. माझा अनुभवही ऑर्केस्ट्रा आणि गणेशोत्सवाचा आहे. कंपन्यांच्या कार्यक्रमांचं गणित वेगळं असेल. आणि काही निवेदक खरोखरच नुसती बडबड करतात, तिथे दादाचं चूक नाही.

मानधनाचा आकडा फोनवर ठरला तरी लगेच मेसेजमध्ये लिहून घ्या, आणि निम्मे पैसे आगाऊ मागा. नारळ आणि शाल सत्काराची, ती मानधनात धरायची नाही. गायकांची यादी आदल्या दिवशी मागा. माईक कॉर्डलेस आहे का, ते विचारा. म्हणजे वायरची अडचण न होता खाली उतरून मागच्या रांगांपर्यंत जाता येतं. कार्यक्रम कोणत्या प्रकारचे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते कळवलंत तर मानधन किती मागायचं तेही सांगते.