आरओच्या नळावरून फ्रिजला लाईन दिली तर चालेल का?

तुमचं म्हणणं असं की घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर गच्चीत, दारात पाणी-बर्फवाला साईड बाय साईड फ्रिज घेतलाय आणि प्लंबर म्हणतोय भिंतीवरच्या आरओच्या नळाला टी मारून लाईन देतो. त्याला थांबवा. मी आरओ आणि फ्रिज दोन्हीची कामं करतो, पाईपचं काही विशेष नसतं हो, बहुतेक फ्रिजना आरओचाच पाव इंची पाईप लागतो, घोडं अडतं ते प्रेशरवर.

भिंतीवरच्या आरओत पाणी आतल्या टाकीत साठतं आणि नळातून नुसतं उतारानं येतं, म्हणजे प्रेशर जवळपास नाहीच. बरं, डायरेक्ट गच्चीच्या टाकीवरून घेऊ म्हणाल तर 10 मीटर उंचीला साधारण 14 पीएसआय (दाब मोजायचं माप) मिळतं, तुमची टाकी नळाच्या 3 मीटर वर धरली तर हिशोब जातो 4 पीएसआयवर, आणि फ्रिजला मॉडेलप्रमाणे कमीत कमी 20-30 तरी लागतं (आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बघून घ्या). त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरच्यांचं चाललं म्हणून तुमचं चालेल असं नाही. प्रेशर कमी असलं की ग्लास भरायला युग लागतं, बर्फाचे तुकडे अर्धवट पोकळ पडतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फ्रिजच्या मागचा सोलेनॉइड व्हॉल्व (विजेवर उघडणारी पाण्याची झडप) पाण्याच्या दाबानंच नीट बंद होतो, दाब नसला की तो ठिबकत राहतो आणि आईसमेकरमध्ये बर्फाचा गोळा होऊन बसतो. मग लोक कंपनीला शिव्या घालतात.

तुमच्या केसमध्ये मी दोनातलं एक करेन. एकतर सिंकखालचा, प्रेशर टँकवाला आरओ घ्या, नाहीतर आहे त्याच आरओच्या टाकीनंतर छोटा 24 व्होल्टचा पंप आणि प्रेशर स्विच बसवून घ्या, फ्रिजनं पाणी मागितलं की पंप चालू, लाईन भरली की बंद. बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट देऊ नका, फ्रिजमधला फिल्टर कार्बनचा असतो, त्यानं वास-क्लोरीन जातं, टीडीएस जात नाही, क्षार तसेच राहतात.

जोडताना फ्रिजसाठी वेगळा कॉक ठेवा आणि तो हाताला येईल असा ठेवा, फ्रिजच्या मागे नको. पाईप सरळ कापायचा, तिरका कापला की क्विक फिट कनेक्टर गळणारच. मागे चार-पाच फूट पाईप गुंडाळून सोडा, नाहीतर साफसफाईला फ्रिज ओढला की निघाला पाईप. पहिलं दहा-एक लिटर पाणी आणि पहिले दोन-तीन ट्रे बर्फ टाकून द्या, काळपट आलं तर घाबरू नका, कार्बनची पूड असते ती. आणि गावाला जाताना तो कॉक बंद करून जा, रात्री जॉईंट सुटला तर खालच्यांचं पीओपी तुम्हालाच करून द्यावं लागेल.